होडीतील शौचपेटी आणि पाचोडचा पंप मिस्त्री

धंद्याची नवी वाट नेहमी नव्या हुन्नरातूनच निघते असे नाही. पुष्कळदा हुन्नर जुनाच असतो, फक्त समोर आलेली वस्तू नवी असते. पैठण तालुक्यातील पाचोड हे धुळे-सोलापूर राष्ट्रीय महामार्गावरचे गाव. मोसंबीच्या बाजारासाठी ते साऱ्या मराठवाड्यात ओळखले जाते. मोसंबीची बाग आली की फवारणी पंप आला, विहिरीवरची मोटार आली, ठिबकची नळी आली आणि या सर्वांची दुरुस्ती करणारा मिस्त्रीही आला. वायसर, ओ-रिंग, भाता, फूटव्हॉल्व्ह ही या भागातील कारागिरांच्या रोजच्या हाताखालची वस्तू. याच हातांना सहज जमेल अशा एका यंत्राची ओळख आम्ही आज करून देत आहोत. ते यंत्र म्हणजे होडीत, प्रवासी गाडीत किंवा आजारी माणसाच्या खोलीत ठेवण्याचे, उचलून नेता येणारे शौचालय. परदेशात त्याला कॅसेट टॉयलेट म्हणतात.

नाव ऐकून कोणी नाक मुरडू नये. यात घाणीचे काम थोडे आणि रबराचे काम फार आहे. मात्र एक गोष्ट आरंभीच सांगितली पाहिजे. हे यंत्र नीट ठेवले तर मैला जिथे जायला हवा तिथेच जातो. नीट ठेवले नाही तर तो नदीत, तलावात आणि शेवटी कोणाच्या तरी पिण्याच्या पाण्यात उतरतो. म्हणून या दुरुस्तीत पैशाइतकीच जबाबदारीही आहे.

यंत्राची रचना

टेपरेकॉर्डरमध्ये कॅसेट जशी आत सरकवावी आणि बाहेर काढावी, तशी या शौचालयाची मैल्याची टाकी आत-बाहेर सरकते, म्हणून हे नाव पडले. त्याचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात भांडे जागेवर पक्के बसवलेले असते आणि टाकी बाजूच्या दारातून बाहेर निघते. या टाकीत साधारण १७ ते २० लिटर मावते. दुसरा प्रकार दोन मजली पेटीसारखा असतो. वर बैठक आणि स्वच्छ पाण्याची टाकी, खाली मैल्याची टाकी, आणि दोन्ही कडीने जोडलेल्या. यात १० लिटरपासून २१ लिटरपर्यंतची मापे मिळतात.

मैल्याच्या टाकीच्या तोंडावर एक सरकते पाते असते. दांडा ओढला की पाते बाजूला होते, दांडा लोटला की तोंड बंद होते. पात्याला चिकटून गोल रबरी सील बसते. सगळे यंत्र या एका सीलवर उभे आहे. ते शाबूत तर वासही नाही आणि गळतीही नाही. याशिवाय टाकीला हवा सोडणारी छोटी झडप असते, भरल्याची खूण दाखवणारा तरंगा असतो आणि मैला ओतण्यासाठी झाकणाची तोटी असते. पाणी सोडण्यासाठी वर हाताने दाबायचा भाता किंवा पिस्टन असतो. काही नमुन्यांत १२ व्होल्टवर चालणारा छोटा पंप असतो. पाठीवरचा फवारणी पंप ज्याने उघडून बसवला आहे, त्याला यातला एकही भाग अनोळखी वाटणार नाही.

गिऱ्हाईक कोठून येणार?

पाचोडजवळ समुद्र नाही, हे आम्हालाही ठाऊक आहे. जवळ आहे तो पैठणचा नाथसागर. जायकवाडी धरणाची पायाभरणी १९६५ साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली आणि १९७६ साली इंदिरा गांधींच्या हस्ते त्याचे उद्घाटन झाले. सुमारे १०२ टीएमसी साठ्याच्या या जलाशयात मासेमारीच्या होड्या चालतात. या लहान होड्यांत शौचपेटी सहसा नसते. खरे गिऱ्हाईक आहे ते कोकणच्या खाड्यांतील आणि गोव्यातील पर्यटकांच्या बोटी, तसेच घरासारख्या सजवलेल्या प्रवासी गाड्या. महाराष्ट्र शासनाने अशा गाड्यांसाठी २०२१ साली कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण जाहीर केले. वेरूळ-अजिंठ्याकडे निघालेली सोलापूर-बीडकडची गाडी पाचोडवरूनच जाते.

आणखी एक गिऱ्हाईक गावातच आहे. पक्षाघात झालेले, हाड मोडलेले, म्हातारपणाने अंगणापर्यंत न जाऊ शकणारे माणूस घरोघरी असते. त्यांच्यासाठी अशी पेटी विकत घेणारी कुटुंबे आहेत. पेटी ऑनलाइन मागवता येते, पण बिघडली तर दुरुस्त कोण करणार, हा प्रश्न उरतो. एका लहानशा सीलसाठी अख्खी पेटी अडगळीत पडणे हा निव्वळ नुकसानीचा सौदा आहे.

आधी पाण्याचा हिशेब

परदेशी माहितीपुस्तकात एक टाकी अनेक दिवस पुरते असे लिहिलेले असते. तो हिशेब कागद वापरणाऱ्यांचा आहे. आपल्याकडे पाण्याने शौच होते, म्हणून हिशेब नव्याने मांडावा लागतो. एका वेळी भांड्यात सोडलेले पाणी अर्धा लिटर, धुण्याचे पाणी एक लिटर आणि मैला-लघवी मिळून अर्धा लिटर धरला, तर एका वापराला दोन लिटर झाले. टाकी २० लिटरची असली तरी होडी हलते, त्यामुळे चौथा हिस्सा रिकामा ठेवावा लागतो. उरले १५ लिटर. आरंभी औषध मिसळलेले दोन लिटर पाणी टाकीत घालावे लागते, ते वजा केले की १३ लिटर राहतात. म्हणजे सहा-सात वापरांत टाकी भरली. चार माणसांच्या होडीत ती एक दिवसही पुरणार नाही.

हा हिशेब गिऱ्हाइकाला पहिल्याच दिवशी समजावून सांगावा. लोट्याऐवजी दाबून पाणी सोडण्याची बाटली वापरली तर धुण्याचे पाणी पाव-अर्ध्या लिटरवर येते. जोडीला दुसरी रिकामी टाकी ठेवली तर भरलेली घेऊन पळापळ करावी लागत नाही. भरलेल्या टाकीचे वजन २० किलोच्या वर जाते आणि ओल्या फळीवरून ती किनाऱ्यावर न्यायची असते, हेही लक्षात असावे. गळतीच्या म्हणून आलेल्या कित्येक तक्रारींत बिघाड काहीच नसतो, टाकी गळ्यापर्यंत भरलेली असते.

बिघाड आणि उपाय

वास येणे. ही सर्वांत मोठी तक्रार. प्रथम मोठे सील पाहावे. ते कोरडे, चपटे किंवा चिरलेले असेल तर कारण सापडले. नंतर तोटीच्या झाकणातील ओ-रिंग आणि हवेची झडप पाहावी. परीक्षा सोपी आहे. टाकी धुऊन तीत चार-पाच लिटर स्वच्छ पाणी घालावे, पाते आणि झाकण बंद करावे, टाकी कोरड्या वर्तमानपत्रावर उलटी ठेवावी आणि अर्धा तास थांबावे. कागद जेथे ओला झाला तेथे दोष आहे.

पाते जड जाणे. येथे जोर लावू नये. दांडा मोडला की शंभराचे काम हजारावर जाते. मराठवाड्यातील बोअरच्या पाण्यात क्षार फार, त्याचा थर पात्यावर आणि सीलच्या खाचेत बसतो. कोमट पाण्यात लिंबूसत्त्व, म्हणजे सायट्रिक ॲसिड, विरघळवून टाकी काही तास भिजत ठेवावी, मऊ ब्रशने खाच घासावी आणि भरपूर पाण्याने धुवावे. पाते कोरडे झाल्यावर सीलला सिलिकॉन ग्रीस बोटाने पातळ लावावे.

सील बदलणे. वापर नियमित असेल तर दोन-तीन वर्षांनी सील बदलावे लागते. प्रत्येक कंपनीची जोडणी वेगळी असते, म्हणून उघडताना प्रत्येक टप्प्याचा मोबाईलवर फोटो काढावा आणि स्क्रू क्रमाने मांडून ठेवावेत. जुने सील टोकदार पेचकसाने उचकटू नये. प्लास्टिकच्या खाचेवर ओरखडा पडला की नवे सीलही गळते. खाच कोरडी पुसावी, सीलची पातळ कड कोणत्या बाजूला होती ते पाहून तशीच बसवावी आणि पाते दहा-बारा वेळा चालवून पुन्हा कागदाची परीक्षा घ्यावी. नमुना जुळत नसेल तर अंदाजाने रबर कापून बसवू नये. असे सील दुकानात कोरडे राहील आणि होडीत हेलकाव्याने गळेल.

भांड्यात पाणी न येणे. हाताच्या पंपात बहुधा भात्याला चीर गेलेली असते किंवा पाणी उलटे जाऊ न देणाऱ्या झडपेत कचरा अडकलेला असतो. विजेचा पंप असेल तर क्रमाने जावे. आधी फ्यूज, मग तारांची टोके, मग बटण आणि शेवटी पंप. होडीतील दमट हवेत टोकांवर हिरवट गंज चढतो, तो घासला की निम्मे पंप चालू होतात. मीटरवर १२ व्होल्ट दाखवूनही पंप फिरत नसेल, तरच तो बदलावा. हा पंप पाण्यात बुडालेला असतानाच चालवून पाहावा, कोरडा फिरवला तर जळतो.

टाकी रिकामी असून भरल्याची खूण दिसणे. तरंग्याला कागद किंवा वाळलेला मैला चिकटलेला असतो. कोमट पाणी घालून, झाकण लावून टाकी हलवावी आणि ओतावी. दोन-तीन वेळा असे केले की तरंगा बहुधा सुटतो.

टाकी बाहेर न निघणे. बहुतेक वेळा पाते पूर्ण बंद झालेले नसते, म्हणून कुलूप सुटत नाही. ओढाताण केली तर पातेही जाते आणि जमीनही घाण होते. वरचा दांडा पुढेमागे करून पाते हळूहळू बंद करावे. दांडाच तुटला असेल तर हातमोजा घालून भांड्यातून पाते सरकवावे.

ओतताना उडणे. गोडेतेलाचा डबा ओतताना आपण दुसऱ्या कोपऱ्यात भोक पाडतो, नाही तर तेल गचके देत पडते. येथेही तेच. टाकीवर हवेचे बटण असते. तोटी खाली वळवल्यानंतर ते दाबून धरले की मैला एका धारेत जातो. बटण आधीच दाबले तर तेथून मैला बाहेर येऊ शकतो. उन्हात तापलेल्या टाकीत वायू कोंडतो, त्यामुळे पाते उघडण्यापूर्वीही दाब जाऊ द्यावा.

होडीची विशेष काळजी

जमिनीवरच्या पेटीला जे चालते ते पाण्यावर चालत नाही. पेटी तळाला पट्टीने किंवा खिळीने पक्की हवी, नाही तर वाऱ्याच्या एका लाटेत ती उलटते. स्क्रू स्टेनलेस स्टीलचेच वापरावेत. खाडीच्या खाऱ्या हवेत साधा लोखंडी स्क्रू लवकर गंजतो आणि पेटी सैल होते. भांड्यात सोडण्यासाठी समुद्राचे पाणी भरू नये. खारे पाणी आणि लघवी एकत्र आली की दगडासारखा थर बसतो. पावसाळ्यात होडी किनाऱ्याला लागली की दोन्ही टाक्या रिकाम्या करून, धुऊन, सुकवून ठेवाव्यात. सीलला सिलिकॉन लावावे आणि पाते उघडे ठेवावे. मिटलेले पाते चार महिन्यांत सीलला चिकटते आणि पहिल्याच ओढीत सील फाटते.

हे कदापि वापरू नये

फरशी धुण्याचे ॲसिड, ब्लीचिंग पावडर, फिनेल, पेट्रोल आणि थिनर यांनी सील व प्लास्टिक दोन्ही खराब होतात. गाडीचे ग्रीस, इंजिन ऑइल, व्हॅसलिन आणि खाद्यतेल सीलला लावू नये. रबर फुगते, नरम पडते किंवा चिकट होते. उकळते पाणी ओतू नये. आणि जिवाशी संबंधित एक गोष्ट ध्यानात ठेवावी. ब्लीच आणि ॲसिड एकत्र आले की क्लोरीनचा विषारी वायू निघतो. साचलेल्या लघवीवर ब्लीच टाकले तरी घातक वायू तयार होतो. होडीच्या बंद खोलीत तो माणसाला आडवा करू शकतो.

काम करताना रबरी हातमोजे, डोळ्यांना चष्मा आणि वेगळा कपडा हवा. या कामाची हत्यारे वेगळ्या पेटीत असावीत. फवारणी पंपाच्या हत्यारांत ती मिसळू नयेत. टायफॉइड, कावीळ अ आणि धनुर्वाताच्या लसींबद्दल डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. जेवणापूर्वी साबणाने हात धुणे हा तर पहिला नियम.

टाकी कोठे रिकामी करायची?

या लेखातील सर्वांत महत्त्वाचा प्रश्न हाच आहे. नाथसागराचे पाणी छत्रपती संभाजीनगर आणि जालना ही शहरे पितात. १९८६ साली हा परिसर पक्षी अभयारण्य म्हणूनही जाहीर झाला. त्यात एक टाकी ओतली तर एवढ्या पाण्यात काय फरक पडतो, असे म्हणणारे भेटतात. काश्मीरच्या दल सरोवरात आणि केरळच्या वेंबनाड सरोवरात हाऊसबोटींच्या मैलापाण्याचा जो गंभीर प्रश्न उभा राहिला, तो अशा एकेका टाकीचीच बेरीज होता. जलप्रदूषण रोखण्याचा कायदा १९७४ पासून आहे. २०२१ च्या अंतर्देशीय जलयान कायद्यातही बोटींमुळे होणारे प्रदूषण रोखण्याच्या तरतुदी आहेत. समुद्रातल्या मोठ्या जहाजांनाही मोकळीक नाही. आंतरराष्ट्रीय नियमानुसार प्रक्रिया न केलेले मैलापाणी किनाऱ्यापासून १२ सागरी मैलांच्या आत सोडता येत नाही.

तेव्हा टाकी रिकामी करायची ती पक्क्या शौचालयातच, मग ते घरचे असो की सार्वजनिक, आणि परवानगी घेऊन. ओढा, रस्त्याकडेचे गटार, विहिरीजवळचा खड्डा या जागा नव्हेत. येथे औषधाचाही विचार करावा. फॉर्मालिनचे औषध वास दाबते, पण सेप्टिक टाकीत मैला कुजवणारे जंतूही मारते. आपल्याकडे बहुतेक शौचालये सेप्टिक टाकीची आहेत, म्हणून जैविक किंवा फॉर्मालिन नसलेले औषधच गिऱ्हाइकाला सुचवावे. रेल्वेच्या डब्यांत जी जैविक शौचालये बसवली गेली, तीही जंतूंच्याच बळावर चालतात. डीआरडीओच्या तंत्रावर ती तयार झाली.

कोणी रिकामी करायची?

ज्याची पेटी त्याने. या बाबतीत आम्ही स्पष्ट आहोत. टोपलीचे संडास माणसाकडून उपसून घेण्याची प्रथा या देशाने फार काळ चालू दिली. १९९३ साली तिच्याविरुद्ध कायदा झाला आणि २०१३ साली अधिक कडक कायदा आला. गटारात उतरून मेलेल्या सफाई कामगारांच्या कुटुंबाला द्यायची भरपाई सर्वोच्च न्यायालयाने २०१४ साली १० लाख ठरवली आणि २०२३ साली ती ३० लाखांवर नेली. ही जुनी प्रथा नव्या प्लास्टिकच्या पेटीतून आपल्या दुकानात येता कामा नये. दुकानातल्या पोराला दुसऱ्याची भरलेली टाकी उपसायला लावणे हे काम शिकवणे नव्हे.

कोकणात कणकवलीला गोपुरी आश्रम उभारणारे अप्पासाहेब पटवर्धन हे उच्चशिक्षित गृहस्थ. १९३२ साली रत्नागिरीच्या तुरुंगात भंगीकाम स्वतः करू द्यावे म्हणून त्यांनी उपोषण केले. पुढे मैल्याला हात न लावता त्याचे खत व्हावे अशा शौचालयाचा त्यांनी प्रसार केला. घाणीचे काम हलके नाही, ते दुसऱ्यावर ढकलणे हलके आहे, ही शिकवण त्यातून मिळते. कारागिराने या कामाची लाज बाळगू नये आणि गिऱ्हाइकाने त्याला गृहीत धरू नये.

दुकानदारीचे चार नियम

पहिला, टाकी रिकामी आणि धुतलेली असेल तरच दुकानात घ्यावी. पाटीवर तसे लिहून ठेवावे, म्हणजे वाद होत नाही.

दुसरा, तपासणीची मजुरी आणि सुट्या भागाची किंमत पावतीवर वेगवेगळी लिहावी. सील कंपनीचे आहे की बाजारातले, तेही लिहावे. बाजारातले सील चांगलेही असू शकते, पण ते कंपनीचे म्हणून विकणे ही फसवणूक आहे. गिऱ्हाईक सील ओळखत नाही, ते आपल्या शब्दावर विश्वास ठेवते.

तिसरा, आरंभी मोठा साठा करू नये. काही ओ-रिंग, सिलिकॉन ग्रीस, लिंबूसत्त्व, फ्यूज, स्टेनलेस स्क्रू एवढ्यावर सुरुवात होते. मोठे सील पेटीचा नमुना पाहून मागवावे आणि त्यासाठी आगाऊ रक्कम घ्यावी. केवळ याच कामावर पोट भरेल असे आम्ही म्हणत नाही. पंप, मोटारी आणि नळकामाच्या जोडीने चालणारे हे काम आहे.

चौथा, पेटी परत देताना कागदाची परीक्षा गिऱ्हाइकासमोर करून दाखवावी. वर्तमानपत्र कोरडे राहिलेले त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिले की दुसऱ्या जाहिरातीची गरज उरत नाही.

पाचोडच्या मिस्त्रीने आजवर विहिरीतले पाणी बागेपर्यंत पोहोचवले. तेच पाणी खराब होऊ न देणे हेही त्याच्याच हुन्नराचे काम आहे. आमच्या वाचकांपैकी कोणी नळकाम किंवा पंपदुरुस्ती करत असेल, तर एखादी जुनी पेटी मिळवून ती एकदा उघडून पाहावी आणि पुन्हा बसवावी. या कामाची खरी ओळख तेव्हाच होईल.